हंगामाची निष्ठा

निष्ठा या गुणाची स्तुति आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. परंतु ती किती काळ बाळगावी, कोणी कोणापाशीं मागावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नांचा विचार त्या मानानें थोडाच झालेला आढळतो. स्वामिनिष्ठा, गुरुनिष्ठा, देशनिष्ठा हे शब्द उच्चारले कीं आपलें मन आधींच हात जोडून उभें राहतें, आणि जोडलेल्या हातांनीं चिकित्सा होत नाहीं. म्हणून हा प्रश्न एखाद्या लहानशा क्षेत्रांत नेऊन तपासणें सोयीचें असतें. ज्याच्या जयापजयानें राज्यें उलथत नाहींत, परंतु माणसें मात्र मनापासून हंसतात व रडतात, असें एक क्षेत्र मला कोल्हापूरच्या फुटबॉलमध्यें दिसतें.

कोल्हापुराबाहेरच्या वाचकांसाठीं थोडी पार्श्वभूमि सांगणें अवश्य आहे. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची व व्यायामाची जागा. राजर्षि शाहू छत्रपतींनीं मल्लविद्येस उदार आश्रय दिला, १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान तयार झालें, आणि पेठापेठांतील तालमींस नवें तेज आलें. फुटबॉल या शहरांत रुजला तो याच तालमींच्या आधारानें. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हीं तालमींचीं नांवें आज कुस्तीपेक्षां फुटबॉलमुळेंच अधिक कानांवर येतात. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांसारखे संघ त्यांच्या जोडीस आहेत. संघामागें पेठ असते, पेठेमागें तीन-तीन पिढ्यांच्या आठवणी असतात. पावसाळा सरल्यावर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होते. शाहू स्टेडियमवर आधीं साखळी सामने, मग बादफेरीच्या स्पर्धा, असा क्रम उन्हाळ्यापर्यंत चालतो. खेळणारे तरुण बहुधा नोकरी, धंदा किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. हल्लीं कांहीं संघ खेळाडूंस मानधन देतात, आफ्रिकेंतील खेळाडूहि आणतात. तथापि या साऱ्या व्यवहाराचा प्राण हौस हाच आहे.

आतां अशा एखाद्या मध्यम प्रतीच्या संघाचा हंगाम डोळ्यांपुढें आणावा. आरंभीं सर्वत्र उत्साह असतो. नवे पोशाख येतात, तालमीच्या कट्ट्यावर यंदाचा चषक आधींच आणून ठेवला जातो. पहिले दोन सामने जिंकले कीं हलगी वाजते, आणि काल ज्याला कोणी ओळखत नव्हतें त्या पोराला आज चहावाला पैसे देऊं देत नाहीं. मग मधल्या फळींतील भरंवशाच्या खेळाडूचा गुडघा दुखावतो. एक सामना बरोबरींत जातो, दुसरा अखेरच्या क्षणीं हातचा निसटतो, तिसऱ्यांत पेनल्टी बाहेर जाते. गुणतक्त्यांत नांव एकेक पायरी खालीं उतरूं लागतें. कट्ट्यावरील चर्चेंत प्रथम पंच दोषी ठरतो, मग प्रशिक्षक, मग ज्याचा चहा फुकट होता तोच पोर. प्रेक्षकांत आपल्या बाजूच्या पायऱ्या विरळ दिसतात. तरीहि पहांटे सरावास आठ-दहा जण येतातच. त्यांतला एक रात्रपाळी करून आलेला असतो. वरिष्ठ गटांतून खालीं जाण्याची वेळ येते कीं काय, अशा धास्तींत दोन सामने निघतात, आणि शेवटीं एखाद्या बेताच्या विजयानें लाज राखली जाते. चषक नाहीं, मिरवणूक नाहीं. हंगाम संपला एवढेंच.

अशा हंगामांत जे संघाशीं बांधलेले राहिले, त्यांच्या वागण्यास बुद्धीचा आधार आहे काय? याला दोन उत्तरें देण्यांत येतात.

पहिलें उत्तर गुणवादी मनुष्याचें. तो म्हणतो, प्रेम गुणांवर करावें. जो संघ उत्तम खेळतो त्याच्या बाजूनें उभें राहावें. केवळ आपला जन्म अमक्या पेठेंत झाला म्हणून तेथल्या संघाचा अभिमान धरणें हा अविचार होय. हें म्हणणें वरवर सुसंस्कृत दिसतें. परंतु या मनुष्याजवळ रसिकता आहे, निष्ठा नाहीं. कारण जी वृत्ति गुणतक्त्याबरोबर वर-खालीं होते तिला निष्ठा हें नांव कोणी देत नाहीं. शिवाय उत्तम खेळ निर्माण कसा होतो, याचें उत्तर त्याच्यापाशीं नसतें. आजचा उत्तम संघ कालच्या पडत्या हंगामांत कोणीतरी सोडला नाहीं, म्हणूनच आज उभा आहे. गुणवादी प्रेक्षक दुसऱ्यांच्या निष्ठेचें फळ खातो, आणि त्या निष्ठेला अविचार म्हणतो.

दुसरें उत्तर अभिमानी मनुष्याचें. माझें तें माझें, त्याला कारण कशाला हवें, असें तो म्हणतो. या उत्तरांत ऊब आहे. पण त्याला कोठें थांबावें हें ठाऊक नसतें. माझ्या संघाचा पराभव म्हणजे माझ्या पेठेचा अपमान, आणि अपमान करणारा तो शत्रु, अशा पायऱ्यांनीं तो मैदानाबाहेर दगड उचलण्यापर्यंत सहज पोहोंचतो. प्रेक्षकांच्या हुल्लडीनें कोल्हापूरच्या फुटबॉलला वेळोवेळीं किती खालीं मान घालावी लागली, हें त्या शहराला ठाऊक आहे. आणि हाच अभिमान आपल्याच खेळाडूवर उलटतो तेव्हां त्याचें स्वरूप अधिकच कठोर होतें.

माझा एक विद्यार्थी आपल्या पेठेच्या संघाकडून चार हंगाम खेळला होता. वडिलांची कमाई बेताची, घरीं धाकटीं भावंडें. हंगाम संपल्यावर दुसऱ्या एका तालमीनें त्याला बरें मानधन देऊं केलें आणि त्यानें तें पत्करण्याचें ठरविलें. त्या दिवसापासून गल्लींतील लोक त्याच्याशीं बोलेनासे झाले. ज्यांनीं त्याला लहानपणीं खांद्यावर घेतलें होतें त्यांनींच ‘गद्दार’ म्हटलें. तो मला भेटावयास आला तेव्हां त्यानें एवढेंच विचारलें, "सर, मी खरेंच बेइमान ठरतों का?" सल्ला मागण्याचा त्याचा हेतु नव्हता, निर्णय झालेला होता. त्याला आपल्या कृत्याचें नांव हवें होतें. नीतिशास्त्राच्या अध्यापकाला याहून सरळ प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

या प्रश्नाचा विचार करतांना प्रथम खर्चाचा हिशेब मांडला पाहिजे. निष्ठेची मागणी करणारा प्रेक्षक आणि ती पुरविणारा खेळाडू यांचा खर्च सारखा नसतो. प्रेक्षकाला एका सायंकाळीचा वेळ आणि घसा खर्चावा लागतो. खेळाडूचे गुडघे जातात. ज्या वर्षांत इतर तरुण धंदा शिकतात तीं वर्षें जातात. तिशी उलटली कीं त्याचें नांव कट्ट्यावरच्या गोष्टींत उरतें, आणि गोष्टींवर घर चालत नाहीं. ज्याला कांहींच पडत नाहीं त्यानें ज्याचें सर्व पणास लागलें आहे त्याच्यापाशीं आजन्म निष्ठा मागावी, यांत न्याय कोणता?

हा वाद कोल्हापुरांत प्रथम उपजला असें नाहीं. इंग्लंडमध्यें १८८२ सालीं स्थापन झालेला कॉरिंथियन क्लब हौशी खेळाचा आदर्श मानला जाई. पेनल्टीचा नियम १८९१ सालीं आला, तेव्हां सभ्य गृहस्थ जाणूनबुजून आगळीक करील ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटली, अशी त्यांची ख्याति आहे. ही वृत्ति उदात्त खरी. परंतु ती ज्यांची पोटाची सोय आधींच झालेली होती अशा लोकांची होती. लँकेशायरच्या गिरण्यांतील कामगाराला सामन्यासाठीं काम बुडविलें कीं मजुरी बुडत असे. त्याला पैसे देणें हा खेळाचा भ्रष्टाचार कीं न्याय, यावर बराच कलह होऊन १८८५ सालीं तेथील फुटबॉल असोसिएशननें धंदेवाईक खेळाडूस मान्यता दिली. मात्र चषकाच्या सामन्यांत खेळावयाचें तर क्लबाच्या ठिकाणापासून सहा मैलांच्या आंत त्याचा जन्म किंवा दोन वर्षांचें वास्तव्य असलें पाहिजे, अशी अट घातली. ही अट मला फार बोलकी वाटते. पैसा पत्करावा लागला, तरी खेळाडू मातीशीं बांधलेला असावा ही इच्छा सुटली नाहीं. तीच इच्छा आमच्या पेठेंतहि आहे, आणि ती तुच्छ नाहीं. चूक होते ती इच्छेला ऋण समजण्यांत.

मग खेळाडू संघाचें कांहींच देणें लागत नाहीं काय? लागतो, आणि तें किती, हें हंगाम या कल्पनेंतच सांगितलेलें आहे. नोंदणीच्या कागदावर सही करणें हें एक वचन आहे. त्या वचनाला आरंभ आहे आणि अंतहि आहे. या मुदतींत संघ जिंको वा हरो, पंच चुको वा न चुको, कट्ट्यावरचे लोक खांद्यावर घेवोत वा तोंड फिरवोत, मी पहांटे येईन आणि पूर्ण शक्तीनें खेळेन, असा त्याचा अर्थ. मध्यंतरीं दुसऱ्याच्या पैशाला भुलून जो ढिला खेळतो तो बेइमान. दुखऱ्या पायाचें निमित्त करून पडत्या संघापासून जो दूर राहतो तोहि बेइमान. परंतु वचनाची मुदत पुरी करून, उघडपणें सांगून, जो दुसरीकडे जातो त्याला बेइमान म्हणणें म्हणजे त्यानें न दिलेलें वचन मोडल्याचा आरोप त्याच्यावर करणें होय. मीं त्या विद्यार्थ्याला हेंच सांगितलें. तें ऐकून त्याचें दुःख गेलें असें मात्र मला दिसलें नाहीं. आणि जावें असें मलाहि वाटलें नाहीं. ज्याला सोडतांना वाईट वाटत नाहीं, तो तेथें कधीं होता कीं नाहीं याची शंका येते.

हंगामाच्या या मर्यादेमुळें निष्ठा आणि विवेक यांचें भांडण पुष्कळसें मिटतें. चालू हंगामांत गुणांचा हिशेब करावयाचा नाहीं, कारण तो करूं लागलों कीं पहिल्याच पराभवांत वचन गळून पडेल. हंगाम संपला कीं हिशेब अवश्य करावा: संघ नीट चालला होता काय, दुखावलेल्या खेळाडूच्या औषधपाण्याची सोय पाहिली गेली काय, मुलांना कांहीं शिकावयास मिळालें काय. गुणवाद्याची चूक अशी कीं तो हिशेबाची वही सामन्याच्या मध्येंच उघडतो. अभिमान्याची चूक अशी कीं तो ती कधींच उघडीत नाहीं.

निष्ठेविषयीं आणखी एक गोष्ट या खेळांतून शिकण्यासारखी आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यानें १९०८ सालीं निष्ठेवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. निष्ठानिष्ठांमध्यें विरोध आला तर काय करावें, या प्रश्नाचें त्यानें दिलेलें उत्तर थोडक्यांत असें कीं, माणसानें निष्ठा या वस्तूशींच निष्ठ राहावें. आपल्या निष्ठेसाठीं दुसऱ्याची निष्ठा चिरडूं नये. ग्रंथांत हें सूत्र किंचित् हवेंत तरंगल्यासारखें वाटतें. फुटबॉलच्या मैदानावर तें पायांनीं चालूं लागतें. समोरच्या पेठेचा संघ नसेल तर माझ्या पेठेचा संघ कोणाशीं खेळणार? त्या बाजूचा तरुणहि रात्रपाळी करूनच आलेला आहे. त्यानें जीव तोडून मला अडविलें, तरच माझ्या गोलाला किंमत. म्हणून प्रतिस्पर्ध्याचा मान राखणें ही आपल्या संघावरील निष्ठेला घातलेली मुरड आहे असें समजूं नये. तो त्या निष्ठेचाच एक भाग आहे. दगड उचलणारा समर्थक आपल्या तालमीवरच तो उचलतो, कारण त्यामुळें बंद पडतो तो दोघांचाहि हंगाम.

येथें एक आक्षेप येईल. निष्ठा अशी मुदतबंद करून तुम्ही तिला भाडेपट्ट्याच्या पायरीवर आणलें; आईवरचें किंवा देशावरचें प्रेम असें वर्षावर्षाला नवें करतात काय? आणि क्लब म्हणजे केवळ खेळणाऱ्यांची टोळीहि नसते. १९११ सालीं कलकत्त्याच्या मोहन बागान संघानें, बहुतेक अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हां त्या विजयांत एका पराधीन राष्ट्रानें आपलें तोंड पाहिलें होतें.

आक्षेपांतील सत्य मला मान्य आहे. कांहीं प्रेमें आपण निवडीत नाहीं आणि त्यांना मुदतहि नसते. पेठेंत वाढलेला वृद्ध आपल्या तालमीवर मरेपर्यंत प्रेम करील, आणि त्यानें तें करावें. त्या प्रेमाशिवाय पडत्या हंगामानंतर पुढला हंगाम उभाच राहणार नाहीं. परंतु प्रेम आणि हक्क या दोन वस्तु आहेत. प्रेमाला मुदत नको; हक्काला मुदत हवी. माझें प्रेम आजन्म आहे, एवढ्यावरून दुसऱ्याच्या तारुण्यावर माझा आजन्म हक्क प्रस्थापित होत नाहीं. ज्याला आपलें प्रेम निःसीम आहे असें सांगावयाचें असेल, त्यानें तें स्वतःच्या खर्चानें सिद्ध करावें. हरलेल्या सामन्यानंतर मुलांना पाणी द्यावें, जखमी पोराला दवाखान्यांत न्यावें, दुसऱ्या तालमीकडे गेलेल्या खेळाडूचा पहिला सामना पाहावयास जावें आणि तो चांगला खेळला तर तसें त्याला सांगावें.

हा लहान मैदानावरचा हिशेब मोठ्या मैदानावर जसाच्या तसा लागू पडेल असें माझें म्हणणें नाहीं. परंतु पक्ष, संस्था, जात, देश यांच्या नांवानें जेव्हां जेव्हां कोणी आपल्यापाशीं निष्ठा मागतो, तेव्हां तालमीच्या कट्ट्यावर विचारण्यासारखे तीन प्रश्न त्याला विचारण्यास हरकत नसावी: ही निष्ठा कोणत्या वचनानें आली, तिचा हिशेब केव्हां होणार, आणि तिचा खर्च कोण सोसणार? ज्या निष्ठेला या प्रश्नांची भीति वाटत नाहीं, ती पडत्या हंगामांतहि टिकते. आणि पुढल्या पावसाळ्यानंतर ती आपण होऊन पुन्हां सही करावयास येते.