हृदय : एक अमानत



ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) एकदा आजारी पडले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या भेटीस गेले. प्रेषितांनी (स.) आपला हात त्यांच्या छातीवर ठेवला. त्या हाताचा गारवा काळजापर्यंत पोहोचल्याचे सअद (रजि.) यांनी पुढे सांगितले आहे. हा हृदयाचा विकार आहे, असे प्रेषितांनी (स.) ओळखले आणि सकीफ टोळीतील हारिस बिन कलदा वैद्यकी करतो, त्याच्याकडे जावे, असे सुचविले. मदीनेच्या सात अजवा खजुरांचा उपायही सांगितला. ही नोंद सुनन अबू दाऊदमध्ये आहे. तिच्या सनदीविषयी हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली आहे. परंतु उपचार करून घेण्याची स्पष्ट आज्ञा ह. उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसमध्येही आलेली आहे आणि तिथे वार्धक्याखेरीज प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवल्याचे सांगितले आहे.

क्षणभर विचार करा. ज्यांच्या दुआपेक्षा अधिक मकबूल दुआ या पृथ्वीतलावर कोणाची असू शकत नाही, त्यांचा हात रुग्णाच्या छातीवर आहे, आणि तरीही ते त्याला वैद्याचा पत्ता सांगत आहेत. मग आपण छातीतील कळ अंगावर काढून ‘अल्लाह मालिक आहे’ म्हणत बसतो, ते नेमके कोणाचे अनुकरण असते?

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील एका बेचाळीस वर्षांच्या बांधवाची जनाजाची नमाज मी पढविली. माणूस पाचवक्ती नमाजी, व्यवहाराला चोख. मशिदीचा जिना चढताना तीन आठवड्यांपासून त्यांची छाती भरून येत होती. पित्त असेल म्हणून ते ओवा आणि सोडा घेत राहिले. मलाही त्यांनी ते एकदा सांगितले होते. मी पाठीवर हात फिरवून दुआ दिली, दवाखान्यात जा असे म्हटले नाही. दफनविधीनंतर सर्वांच्या तोंडी एकच वाक्य होते, की अल्लाहची मर्जी. ते सत्यच आहे. मृत्यूची घटका पुढे-मागे होत नाही. परंतु ती घटका आपल्याला ठाऊक नसते, आणि जबाबदारी मात्र ठाऊक असते. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना मक्तबमध्ये देतो. हिशेबाच्या दिवशी तकदीर अल्लाहची होती, पण तीन आठवडे कोणाचे होते, असे विचारले गेले तर? तो प्रश्न त्या मरहूम बांधवापेक्षा मला अधिक लागू आहे, असे मला वाटते. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शरीरात मांसाचा एक गोळा आहे, तो सुधारला की सारे शरीर सुधारते, या अर्थाची हदीस हृदयरोगाच्या व्याख्यानांत नेहमी सांगितली जाते. तिचा विषय नियत आणि अंतःकरणाची शुद्धी हा आहे. तिला आहारशास्त्राचा पुरावा बनवू नये. त्याची गरजही नाही. शरीराचा आपल्यावर हक्क आहे, हे प्रेषितांनी (स.) अतिउपासनेने स्वतःला थकविणाऱ्या ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना स्पष्ट शब्दांत बजावले होते. रोजा आणि रात्रीची नमाज यांच्यासाठीही जो हक्क डावलता येत नाही, तो बिर्याणीसाठी डावलता येईल काय?

मुठीएवढे हे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकते. सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या या अवयवाचे स्वतःचे पोषण मात्र त्याच्याच भिंतीतून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून होते. ही गोष्ट १३व्या शतकात कैरो येथे वैद्यकी करणारे इब्न अन-नफीस यांनी लिहून ठेवली होती. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांमार्गे डाव्या बाजूला जाते, हेही त्यांनीच मांडले. (ते शाफिई फिकहचे अभ्यासकही होते, कोकणातील आपल्या बांधवांना याचा आनंद वाटावा.) त्या बारीक वाहिन्यांच्या आत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुढील मांस रक्ताविना मरू लागते. यालाच आपण झटका म्हणतो. झटका क्षणात येतो, त्याची तयारी मात्र दस्तरखानावर वीस-वीस वर्षे चाललेली असते.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील पाहणीत आढळले, की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो. बहुतांश झटक्यांमागील कारणे ओळखीचीच निघाली: तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाईट चरबी, पोटाचा घेर, मनावरील ताण, व्यायामाचा अभाव आणि फळे-भाज्यांचा तुटवडा. तंबाखू केवळ ओढल्यानेच नव्हे, चघळल्यानेही धोका वाढतो. आपल्या माता-भगिनींच्या मिसरीच्या डबीला हे लागू आहे, आणि नमाजनंतर मशिदीच्या दाराशीच पुडी फोडणाऱ्या तरुणांनाही.

आता आहाराकडे वळू. सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत अल्लाहने खाण्यापिण्याची मुभा दिली आहे आणि तिथेच अतिरेकाला मनाई केली आहे. पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नाला, एक पाण्याला व एक श्वासाला, हे माप तिर्मिजीच्या हदीसमुळे आपणा सर्वांना पाठ आहे. पाठ आहे, पण वलीम्याच्या मांडवात ते कोणाला आठवते? मांस हलाल आहे, नेमत आहे. परंतु त्याचीही मद्यासारखी चटक लागते, असा इशारा ह. उमर (रजि.) यांनी दिल्याचे मुवत्ता इमाम मालिकमध्ये नोंदले आहे. आपल्याकडे सकाळी पाया, दुपारी सालन, रात्री कबाब आणि भाजी केवळ पाहुणा डॉक्टर असेल तर! आठवड्यातून दोन दिवस मटण आणि इतर दिवशी डाळ, उसळ, पालेभाजी व ज्वारी-बाजरीची भाकरी, इतका बदल प्रत्येक घराला शक्य आहे. सालनावर तरंगणारा तेलाचा तवंग हे पाहुणचाराचे मोजमाप समजू नये. वनस्पती तूप घरात आणू नये. तळणीचे तेच तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने त्यात अपायकारक घटक तयार होतात. रमजानमध्ये भजी-समोशांची एकच कढई पंधरा दिवस चालते, तेव्हा दिवसभराच्या रोज्याने शरीराला दिलेला आराम मगरिबला आपण परत घेतो. इफ्तार खजूर, पाणी आणि फळांनी करावा, मग नमाज, मग साधे जेवण.

मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. लोणचे, पापड, सुकट व सुके बोंबील यांतील मीठही त्यातच मोजायचे आहे. किनाऱ्यावरच्या वाचकांना ही सूचना रुचणार नाही, म्हणून एक आनंदाची गोष्टही सांगतो: बांगडा आणि तारली या स्वस्त, तेलकट मासळीत हृदयाला हितकारक ओमेगा-३ भरपूर असते. मात्र ती कालवणात घालावी, तेलात बुडवून तळू नये. मराठवाड्या-सोलापूरकडे हेच काम काही प्रमाणात जवसाची चटणी करते.

आणि आग्रह! ‘एवढ्याने काय होते, आणखी एक बोटी घ्या’ म्हणत आपण मधुमेही पाहुण्याच्या ताटात वाढतो आणि त्याला अखलाक म्हणतो. पाहुण्याचा सन्मान ईमानाचा भाग आहे. पण ज्याला डॉक्टरांनी मनाई केली आहे, त्याला भिडेस पाडून खाऊ घालणे हा सन्मान खचित नाही.

जीवनसत्त्वांविषयी थोडक्यात. ती ताज्या अन्नातून मिळवावीत. पेरू, आवळा, पालेभाज्या, मूठभर बदाम-शेंगदाणे यांत ती आहेत. हृदयासाठी म्हणून ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या हजारो लोकांना वर्षानुवर्षे देऊन पाहिल्या गेल्या. झटके कमी झाले नाहीत. तपासणीत कमतरता आढळली तर डॉक्टर देतील ती गोळी अवश्य घ्यावी, पण आखातातून येणाऱ्या भावाला रंगीबेरंगी डबे मागवू नयेत. कलौंजी आणि मधाचे महत्त्व हदीसमधून सिद्ध आहे. मात्र त्यांच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. कलौंजी सांगणाऱ्या प्रेषितांनीच (स.) उपचाराचीही आज्ञा दिली आहे.

‘आम्ही नमाज पढतो, तोच व्यायाम’ असे पुष्कळ जण म्हणतात. नमाज ही इबादत आहे. तिने सांधे मोकळे राहतात हे खरे, परंतु हृदयाला आठवड्यातून किमान १५० मिनिटांचे भरभर चालणे हवे. बोलता येते, पण लांब वाक्य बोलताना दम घ्यावा लागतो, अशा गतीचे. बनू सलमा कबिल्याने मशिदीजवळ राहायला येण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना दूरच्या घरांतच राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले लिहिली जात होती. आपण दोनशे पावलांवरच्या मशिदीला मोटारसायकलने जातो. पायी जा. जाताना शांतपणे जा, कारण नमाजसाठी धावत येण्यास मनाई आहे. परतताना लांबचा रस्ता धरा आणि पाय उचला.

भगिनींनाही हा हक्क आहे. प्रेषितांनी (स.) ह. आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या जिंकल्या आणि पुढे एकदा प्रेषित (स.). पतींनी फज्रनंतर पत्नीला सोबत घेऊन फिरायला निघावे. ते न जमल्यास गच्ची आहे, अंगण आहे. स्त्रियांमध्ये झटक्याची लक्षणे पुष्कळदा निराळी असतात. दम लागणे, विलक्षण थकवा, जबडा, पाठ वा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मळमळ. घरातील स्त्रीने असे काही सांगितले तर ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देऊ नका.

छातीत दाब, डाव्या हातात कळ, थंड घाम, असे काही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला चालवू नये, स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दम करायचा असेल तर वाटेत करावा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. घरात कोणाला कमी वयात झटका आला असेल तर त्याआधीच. आणि या शुक्रवारी जुमानंतर आपल्या जमाअतच्या जबाबदार मंडळींनी एवढी चौकशी करावी, की आपल्या गावात रात्री दोन वाजता इसीजी कुठे काढून मिळतो. तो पत्ता आणि फोन क्रमांक नमाजच्या वेळापत्रकाशेजारी, मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा. आमच्या मशिदीत आम्ही तो लावला आहे, उशिरा लावला.