हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे



एरंडोल तालुक्यातील आमच्या गावच्या विहारात बैठक होती. छपरासाठी घरोघरी वर्गणी जमवली होती, पत्रे बसून झाले होते आणि खजिनदार या नात्याने मी चार वाक्यांत हिशेब सांगून मोकळा झालो होतो. तेवढ्यात कापूस वेचायला जाणाऱ्या एक मावशी मागच्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, उरेल पैसा कोठे शे?" बैठकीत हशा पिकला. मला राग आला. मी म्हणालो, "मावशी, माझ्यावर विश्वास नाही का?" त्या काही न बोलता खाली बसल्या.

पैसा कपाटात होता, पावत्या होत्या. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. मग हे शिक्षण मी कष्टकरी बाईला गप्प बसविण्यासाठी घेतले काय? हिशेब बरोबर होता, उत्तर चूक होते. ते का चूक होते, हे तुमच्यापुढे मांडावेसे वाटते. कारण नव्याने धम्मात आलेल्या आपल्या प्रत्येक घराचा विहार समिती, बचत गट, पतसंस्था यांच्या सामायिक पैशाशी संबंध येतोच.

सावकाराची पेढी, खाजगी कंपनी आणि सहकारी संस्था यांत भेद कोणता? पेढी मालकाची. कंपनीत ज्याचे भाग अधिक, त्याची मते अधिक. सहकारी संस्थेत मात्र भाग एक असो की शंभर, माणसाला मत एकच. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी २८ गरीब कामगारांनी थोडे थोडे पैसे घालून किराण्याचे दुकान काढले, तेव्हापासून सहकाराचा हा पाया मानला जातो.

आता २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील बाबासाहेबांचे भाषण आठवा. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपल्याला समता मिळेल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील, ही विसंगती लवकर दूर करा, असा इशारा त्यांनी दिला. बाजारात, शेतात, कारखान्यात ही विसंगती आजही आहे. अशा वेळी आर्थिक व्यवहारातही एक माणूस एक मत हे तत्त्व पाळणारी जागा म्हणजे सहकारी संस्था. त्याच भाषणात बाबासाहेबांनी असेही सांगितले की, बौद्ध भिक्खुसंघात ठराव मांडणे, गणपूर्ती, मते मोजणे हे सारे नियम होते. म्हणजे संस्थेची सर्वसाधारण सभा ही आपल्याला परकी वस्तू नाही, ती आपल्या संघाच्या रीतीतलीच आहे.

मग सहकार आपल्याला तारतो काय? नुसत्या नावाने नाही. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांचा तो मोठाच पराक्रम. परंतु अशा कारखान्याचे सभासदत्व ऊस पिकवणाऱ्याला. ऊस तोडणाऱ्या भूमिहीन मजुराला तेथे मत नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यातच पाहा. कितीतरी पतसंस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकून पडले. ज्याने पैसा खाल्ला तो दोषी आहेच. पण ताळेबंद न वाचता सभेत "मंजूर, मंजूर" म्हणून हात वर करणारे कोण होते? मत वापरले नाही तर एक माणूस एक मत हे कागदावरच राहते.

येथे आपल्या खानदेशातलीच एक घटना सांगतो. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी तडजोड झाली, टांगा भाड्याने मिळाला, हाकायचा आपल्याच माणसाने. त्या भल्या माणसाला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. पाहुण्याने पायी चालत जाणे हे त्या बांधवांना त्याच्या मानाला शोभणारे वाटले नाही, म्हणून त्यांनी धोका पत्करला. त्यांच्या मायेला नाव ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण धडा घेण्याचा आहे. टांगा मिळवणे जितके अगत्याचे, तितकाच लगाम धरायला शिकणे अगत्याचे. आज संस्था काढणे अवघड नाही. वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा माणसे एकत्र आली की सहकारी संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने तर सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क झाला आहे. टांगा दारात उभा आहे. रोजकीर्द वाचता येणे, पावती मागणे, सभेत प्रश्न विचारणे, हा त्याचा लगाम.

कोणी म्हणेल, "गुरुजी, असा हिशेब मागत बसलो तर माणसे दुखावतील, फूट पडेल, फुकट राबणारा कार्यकर्ता मिळणार नाही." ही भीती खोटी नाही. मी स्वतःच दुखावलो होतो. पण विचार करा. केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ज्या धम्मात शास्त्यालाही पारखण्याची मुभा आहे, तेथे खजिनदाराला पारखू नये, हे कोणते न्यायशास्त्र? एखाद्याला बदनाम करण्यासाठी विचारलेला प्रश्न सम्यक् वाचेत बसत नाही, हे खरे. परंतु घामाच्या पैशाचे काय झाले, हा प्रश्न अपमान नव्हे. विश्वास आधी आणि हिशेब नंतर, असे नसते. हिशेबातूनच विश्वास तयार होतो.

म्हणून थोडक्यात सांगतो. बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला ठाऊक आहे: नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट नोंदी. पहिल्या चार पाळून पाचवी सोडली की गट फुटतो. विहाराचा जमाखर्च दर महिन्याला भिंतीवर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवा. पैसा एकाच्या हाती ठेवू नका आणि सही करणाऱ्यांत बायका असू द्या.

पुढच्या पौर्णिमेला मी वही घेऊन विहारात गेलो आणि सर्वांसमक्ष मावशींची माफी मागितली. त्यांच्या सातवीतल्या नातीला वही वाचायला दिली. तिने एकेक रक्कम वाचली, मी पावत्या दाखवल्या. मावशींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, चहावर इतका खर्च का बरं?" या वेळी कोणी हसले नाही. चहाचा खर्च खरोखरच जास्त झाला होता. पुढच्या महिन्यापासून तो कमी केला.

तुमच्या विहारात, तुमच्या गटात हा प्रश्न शेवटचा कधी विचारला गेला? विचारला नसेल, तर पुढच्या बैठकीत तुम्ही उठून उभे राहा. आणि वही तुमच्याच हाती असेल, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका.

जयभीम.