किनाऱ्याचा वाटा

खरिपाच्या तोंडावर मराठवाड्यात कृषी सेवा केंद्रापुढे जी रांग लागते, ती बहुतेक वेळा युरियासाठी असते. रांगेतल्या शेतकऱ्याच्या हाती जे पोतं येतं, ते अलिबागजवळच्या थळच्या खतकारखान्यात भरलेलं असण्याची शक्यता असते. थळचा कारखाना उभा राहिला तो अरबी समुद्राच्या तळातून येणाऱ्या वायूच्या भरवशावर. या वायूत प्रामुख्याने मिथेन असतो. वाफेबरोबर तापवला की त्यातून हायड्रोजन सुटतो, त्याची हवेतल्या नायट्रोजनशी सांगड घातली की अमोनिया तयार होतो, आणि याच प्रक्रियेत निघालेला कार्बन डायऑक्साइड अमोनियाला जोडला की युरिया. समुद्र आणि शेत यांच्यातलं हे नातं पक्कं आहे. पण जमिनी दिलेल्या आणि आजही धोका अंगावर घेणाऱ्या किनाऱ्याचं नाव त्यात फारसं कुणी घेत नाही.

१९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. देशाने तेलाचा आनंद साजरा केला. तेलासोबत येणाऱ्या वायूचं काय करायचं याची तयारी मात्र अपुरी होती. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यातला मोठा हिस्सा समुद्रातच जाळून टाकला गेला. कारण साधं होतं. तेल टँकरमध्ये भरून जगात कुठेही नेता येतं. वायूला नळी लागते, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला तो रोज घेणारं गिऱ्हाईक लागतं. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव केला तर जहाजातून नेता येतो, पण त्यासाठी दोन्ही किनाऱ्यांवर प्रचंड भांडवल ओतावं लागतं.

वायूचं सगळं अर्थकारण या एका अडचणीत आहे आणि स्थानिक समाजाची संधीही तिच्यातच आहे. शेजारी गिऱ्हाईक मिळालं तर वायूचा सर्वांत स्वस्त प्रवास तोच. म्हणून वायू जिथे जमिनीवर येतो तिथे कारखाने उभे राहतात, निदान राहायला हवेत. उरणला हे घडलं. समुद्रातून आलेला वायू तिथल्या प्रकल्पात स्वच्छ होतो. त्यातले जड घटक वेगळे काढून घरगुती सिलिंडरचा गॅस मिळतो, इथेन-प्रोपेन वेगळं होऊन नागोठण्याच्या प्लास्टिक उद्योगाला कच्चा माल म्हणून जातं आणि उरलेला वायू तुर्भे नि थळच्या खतकारखान्यांकडे वळतो. उरणमधल्याच बोकडविऱ्याजवळ राज्य वीज मंडळाने १९८० च्या दशकात वायूवरचं वीजकेंद्र उभारलं. त्याची क्षमता ६७२ मेगावॉटपर्यंत गेली. पंचवीस-तीस वर्षांत मिठागरं, भातशेती आणि मासेमारीवर जगणाऱ्या एका तालुक्याच्या आसपास खत, वीज, प्लास्टिक आणि इंधन असे चार उद्योग एका वायूवर उभे राहिले.

यातला रोजगाराचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा, कारण प्रकल्पाच्या भाषणांत तो नेहमी फुगवून सांगितला जातो. वायू शुद्ध करणारा प्रकल्प भांडवल खूप मागतो आणि माणसं फार थोडी. उभारणीच्या काळात हजारो हात लागतात. नंतर नियंत्रण कक्षात मोजके अभियंते उरतात आणि बाहेर कंत्राटी कामगारांची फळी, जिची खरी कमाई वर्षातून एखाद्या शटडाउनच्या आठवड्यांत होते. टिकाऊ रोजगार वायूच्या पुढच्या टप्प्यांत असतो: खत, रसायनं, काच, चिनीमाती, बेकरी, कापड-प्रक्रिया, वाहतूक. म्हणून एखाद्या प्रदेशाला वायूचा किती लाभ झाला हे मोजताना वायू किती निघाला यापेक्षा किती किलोमीटरच्या आत वापरला गेला, हे मी आधी विचारतो.

आसामने याचं एक साधं, सुंदर उदाहरण घालून दिलेलं आहे. १९६२ साली राज्य सरकारने आसाम गॅस कंपनी स्थापन केली आणि वरच्या आसामातल्या चहाच्या मळ्यांपर्यंत नळ्या नेल्या. चहाची पानं वाळवायला उष्णता लागते. ती तिथल्याच मातीखालच्या वायूने मिळू लागली. नामरूपला वायूवर वीज, खत आणि मिथेनॉल तयार होऊ लागलं. त्रिपुरात पालाटाणाचा ७२६ मेगावॉटचा वीजप्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची अवजड यंत्रसामग्री बांगलादेशाने आपल्या नद्यांतून आणि रस्त्यांवरून जाऊ दिली, आणि २०१६ पासून त्रिपुरातून १०० मेगावॉट वीज बांगलादेशाला जाऊ लागली. डोंगरांत अडकलेल्या एका छोट्या राज्याला वायूमुळे शेजारच्या देशाला काही विकता आलं. वायू गावात राहिला की गावाची पत वाढते, ती अशी.

आपल्याकडे उलटंही घडलं. वसईच्या किनाऱ्यावरून नाव मिळालेलं बसीन हे देशातल्या सर्वांत मोठ्या वायूक्षेत्रांपैकी एक. तिथला गंधकयुक्त वायू समुद्राखालच्या नळीतून गुजरातेतल्या हजिऱ्याला गेला आणि तिथून सतराशे किलोमीटरहून लांब अशा हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या खतकारखान्यांना. या निर्णयावर मी प्रांतिक रोष धरत नाही. उत्तरेच्या गहू-भाताला त्या युरियाने बळ दिलं आणि देशाची धान्यआयात टाळणं हे राष्ट्रीय कामच होतं. पण वसई-पालघरच्या पट्ट्याला त्या वायूतून काय मिळालं, हा प्रश्न त्या काळी कुणी धोरणात लिहून ठेवला नाही, आणि जे लिहिलं जात नाही ते मिळत नाही.

पैशाचं बघू. राज्यघटनेच्या २९७ व्या कलमानुसार समुद्रतळाखालची खनिजं केंद्राच्या मालकीची. जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी गुजरात, आसाम, त्रिपुरा, आंध्र या राज्यांना मिळते; समुद्रातल्या वायूची रॉयल्टी केंद्राकडे जाते. महाराष्ट्राच्या हाती येतो तो मुख्यतः विक्रीवरचा कर. नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहे. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने त्यावरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, आणि सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा-टॅक्सीवाल्यांना व नळाने गॅस घेणाऱ्या घरांना त्याचा दिलासा मिळाला. हा निर्णय चांगलाच होता. पण कर मुंबईच्या तिजोरीत येवो अथवा कमी होवो, उरणजवळच्या चाणजे-नागावच्या ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात त्याने फरक पडत नाही.

कोळसा, लोह, बॉक्साइट यांच्या बाबतीत देशाने २०१५ मध्ये एक तत्त्व मान्य केलं. खाणकायद्यात दुरुस्ती झाली, जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, आणि खाणधारकांच्या रॉयल्टीच्या प्रमाणात एक निधी खाणग्रस्त भागातल्या पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी बाजूला ठेवणं बंधनकारक झालं. चंद्रपूर-गडचिरोलीत त्याच्या खर्चाविषयी तक्रारी आहेत, पण मागायला एक हक्काची जागा तरी आहे. तेल आणि वायू त्या कायद्याबाहेर आहेत. त्यांच्यासाठी १९४८ चा वेगळा कायदा लागू होतो. म्हणून चंद्रपूरजवळच्या घुग्घूसच्या माणसाला जे कायद्याने मागता येतं, ते उरणच्या माणसाला कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या खात्यातून विनंती करून मिळवावं लागतं.

आणि हे त्या उरण तालुक्यात, ज्याने देशाला वाट्याचं तत्त्व शिकवलं! सिडको आणि बंदरासाठीच्या भूसंपादनाविरुद्ध १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई-नवघर परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचं सूत्र आलं. अंमलबजावणी रखडली, दलालांनी हात धुऊन घेतले, हे सगळं खरं आहे. तरी एक गोष्ट कायमची ठरली: ज्याची जमीन गेली त्याला एकरकमी पैशावर बोळवता येणार नाही, वाढत्या किमतीत त्याचा भाग राहील. हे सूत्र जमिनीपुरतंच का थांबावं? त्याच जमिनीवरून रोज वाहणाऱ्या संपत्तीला ते का लागू नये?

जगात याचे दाखले आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांच्या परिषदेने उत्तर समुद्रातलं तेल किनाऱ्याला लागण्याआधीच, १९७४ मध्ये, ब्रिटिश संसदेकडून स्वतःसाठी कायदा करून घेतला. सलम व्हो इथलं बंदर आणि टर्मिनल कुठे, कसं होईल यावर परिषदेचा ताबा राहिला, आणि होणाऱ्या त्रासापोटी कंपन्यांकडून मिळणारा पैसा एका विश्वस्त निधीत गेला. वृद्धांची काळजी, क्रीडाकेंद्रं, कला यांवर तो निधी अनेक दशकं खर्च होतो आहे. मासेमारी आणि मेंढपाळीवर जगणाऱ्या जेमतेम वीस-बावीस हजार वस्तीच्या बेटांनी हे साधलं, कारण त्यांनी वाटाघाटी आधी केल्या.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने नेमका उलटा धडा दिला. १९५९ मध्ये सापडलेल्या त्या प्रचंड वायूक्षेत्राने डच तिजोरी भरली. वायू उपसला गेला तशी जमीन हलू लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगाला ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, हजारो घरांना तडे गेले. ग्रोनिंगेनच्या लोकांच्या हिताकडे पद्धतशीरपणे दुर्लक्ष झालं, असा निष्कर्ष २०२३ मध्ये तिथल्या संसदीय चौकशीने काढला आणि त्याच वर्षी नियमित उत्पादन थांबवण्यात आलं. युरोपातलं सर्वांत मोठं वायूक्षेत्र लोकांचा विश्वास गेल्यामुळे, वायू शिल्लक असताना बंद झालं. स्थानिकांना वाटा देणं हे उत्पादकाच्याही हिताचं असतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

धोक्याचा विचार इथेही करावाच लागतो. ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी उरणच्या प्रकल्पात आग लागून चौघांचा मृत्यू झाला. त्यात आग विझवायला गेलेले जवान होते. मे २०२० मध्ये आसामातल्या बाघजानला विहीर फुटली, पुढच्या महिन्यात तिने पेट घेतला आणि ती पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. हजारो लोक छावण्यांत गेले, मागुरी-मोटापुंग बील या पाणथळीचं पाणी नासलं. समुद्रातल्या प्रत्येक फलाटाभोवती पाचशे मीटरचा सुरक्षापट्टा असतो, तिथे जाळं टाकता येत नाही. फलाटांची आणि नळ्यांची संख्या वाढते तसं करंजाच्या नि वसईच्या कोळ्याचं क्षेत्र आकसतं. हा तोटा कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. वातावरणात गळणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता धरतो, म्हणून वायूला स्वच्छ इंधन म्हणताना गळतीवर देखरेख आहे का, हेही विचारावं लागतं.

हे सगळं धरूनही माझं मत वायूच्या बाजूने आहे. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आपण परदेशातून द्रवरूपात आणतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि त्याचे भाव कडाडले, तेव्हा परकीय वायूवर अवलंबून असणं काय असतं हे सिरॅमिकच्या कारखानदारालाही कळलं. देशी वायूच्या मोठ्या हिश्शाला सरकारने २०२३ पासून दराची कमाल मर्यादा घातली आहे. आपल्या समुद्रातून निघणारा प्रत्येक घनमीटर तेवढं परकीय चलन वाचवतो आणि खताच्या अनुदानावरचा भार हलका करतो. मुंबईत १९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाली, टॅक्सी सीएनजीवर आल्या, चाळींत नळाने गॅस पोहोचला. महानगराची हवा त्याने सुधारली याबद्दल मला शंका नाही. पण तो वायू जिथे किनाऱ्याला लागतो त्या रायगडच्या गावांत नळ पोहोचायला बराच उशीर झाला, आणि उरणचं वीजकेंद्र वायूअभावी वर्षानुवर्षं क्षमतेपेक्षा खूपच कमी चाललं. ज्या क्रमाने हे झालं तो क्रम चुकला.

आता वेळ थोडा आहे. ‘सागर सम्राट’ने शोधलेलं मुंबई हाय पन्नाशीला आलेलं क्षेत्र आहे. उतरतं उत्पादन सावरण्यासाठी २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक मदतनीस म्हणून नेमावं लागलं. जे उरलं आहे त्यातून किनाऱ्याचा निधी उभा राहिला नाही, तर पुढे उभा करायला काही शिल्लक राहणार नाही. महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून संसदेत एक मागणी लावून धरावी: समुद्रातल्या तेल-वायूच्या रॉयल्टीचा ठरावीक टक्का वायू उतरतो त्या तालुक्यांच्या आणि ज्यांचं मासेमारीचं क्षेत्र गेलं त्या कोळीवाड्यांच्या कायदेशीर निधीत जावा, त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे यावा. उरण, अलिबाग आणि वसईच्या मतदारांनी पुढच्या निवडणुकीत उमेदवाराला हा एक प्रश्न जरूर विचारावा.