अंजिराची पाने

पाप म्हणजे काय असे विचारले असता आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे निषिद्ध कृत्यांची एक यादी उभी राहते. आमचीही समजूत याहून वेगळी नव्हती. पुढे शिलाँगला बदली झाली. खासी टेकड्यांत वेल्श मिशनरी १८४१ साली आले. आज तेथील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. कचेरीतील एका वडीलधाऱ्या खासी सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही बायबलमधील ‘उत्पत्ती’ हा पहिला ग्रंथ वाचावयास घेतला आणि त्याच्या आरंभीच्या दोन कथांपाशीच अडखळलो.

वस्तुतः मराठी वाचकास या कथा परक्या नाहीत. फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोमंतकात रचलेले, सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्याच्या पूर्वार्धात सृष्टीची उत्पत्ती व आदिमानवाचे पतन हा भाग आलेला आहे.

आदाम व हव्वा यांनी बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ खाल्ले, ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र फळ खाल्ल्यानंतर काय घडते, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. दोघांना आपल्या नग्नतेची लाज वाटते, ती अंजिराची पाने शिवून अंग झाकतात आणि झाडांआड लपतात. ईश्वर प्रथम शिक्षा देत नाही; तो आदामाला विचारतो, की तू कोठे आहेस. आदाम सांगतो, की तू दिलेल्या स्त्रीने फळ दिले, म्हणून खाल्ले. एकाच वाक्यात पत्नी आणि ईश्वर दोघेही आरोपी! स्त्री सर्पाकडे बोट दाखवते. आपण खाल्ले हे दोघेही नाकारीत नाहीत. पण ती कबुली वाक्याच्या शेवटी येते, आरंभी येते ते दुसऱ्याचे नाव.

हे वाचताना आम्हांस आमचेच एक टिपण आठवले. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कचेरीत, आम्ही तयार केलेल्या तक्त्यात एक रक्कम चुकीची पडली आणि एका निवृत्त कर्मचाऱ्याचे पैसे कित्येक महिने अडकले. खुलासा मागविण्यात आला. आम्ही लिहिले, की नवनियुक्त कनिष्ठ लिपिकाने टंकलिखित केलेला तक्ता वर पाठविण्यात आला व नजरचुकीने त्यातील दोष लक्षात आला नाही. यातील एकही शब्द खोटा नव्हता. ताकीद मात्र त्या मुलाला मिळाली. अंजिराची पाने आम्ही फार नीटनेटकी शिवली होती.

दुसरी कथा काईन व हाबेल या भावांची. ‘पाप’ हा शब्द या ग्रंथात प्रथम येतो तो एदेन बागेच्या कथेत नव्हे, तर येथे. ईश्वर काईनाला बजावतो, की पाप दाराशी दबा धरून बसले आहे, पण त्यावर तुला सत्ता चालविता येईल. काईन भावाचा वध करतो आणि भाऊ कोठे आहे असे विचारल्यावर उलट विचारतो, की मी काय त्याचा राखणदार आहे? पहिल्या कथेत लपणे आहे, दुसरीत नाते नाकारणे. आमच्या टिपणात दोन्ही होती.

हिप्पोचा संत ऑगस्टीन (इ. स. ३५४–४३०) याने आदामाचा दोष सर्व मानवजातीस वारशाने येतो असे प्रतिपादिले, पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरा मृत्यूचा वारसा मानते, अपराधाचा नव्हे. ज्याचे कर्म त्यालाच, या संस्कारात वाढलेल्या आम्हांस ऑगस्टीनचे मत पटेना. आमचे सहकारी शांतपणे म्हणाले, “अपराधाचे राहू द्या. पण तो खुलासा कसा लिहावा, हे तुम्हांला कोणी शिकवले होते?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मुक्तीची बीजेही याच कथांत आहेत, असे ख्रिस्ती मत. बागेबाहेर घालविण्यापूर्वी ईश्वर त्या दोघांना चामड्याची वस्त्रे करून देतो. काईनावरील खूण पुष्कळांना कलंकाची वाटते. कथेत ती त्याला कोणी मारू नये म्हणून आहे. शिक्षा टळत नाही, पण शिक्षा झालेल्याला टाकूनही दिले जात नाही. संत पौल पुढे याच धाग्याने ख्रिस्ताला शेवटचा आदाम म्हणतो: एकाच्या आज्ञाभंगाने जे बिघडले, ते दुसऱ्याच्या आज्ञापालनाने सावरले.

आमचे पाप दुसऱ्या कोणी फेडावे, हे आम्हांस अजूनही रुचत नाही. तथापि शिलाँगहून आम्ही त्या जुन्या कचेरीस एक निवेदन पाठविले. या लेखात आम्ही सर्वत्र ‘आम्ही’ म्हणत आलो. त्या निवेदनाचा आरंभ मात्र ‘मी’ या शब्दाने करावा लागला. उत्तर आले, की प्रकरण पूर्वीच निकाली निघाले आहे. त्या कनिष्ठास आम्ही वेगळे पत्र घातले. त्याचे उत्तर आले नाही.

कबुली आपल्या हाती असते, झालेले पुसणे नसते. पाने आपली आपण शिवता येतात. वस्त्र मात्र कोणीतरी द्यावे लागते, हे त्या कथेचे म्हणणे आता आम्हांस पूर्वीइतके परके वाटत नाही.