शैवालाचा घास

पृथ्वीबाहेर वसती करणाऱ्या माणसाने खावे काय, या प्रश्नाचे उत्तर अनेक शास्त्रज्ञ शैवालात शोधतात. ते सयुक्तिकही आहे. स्पिरुलिना हे नीलहरित शैवाल माती मागत नाही. पाणी, प्रकाश आणि थोड्या क्षारांवर वाढते, आपण सोडलेला कर्बवायू घेऊन प्राणवायू परत देते, आणि वाळवल्यावर त्यात सुमारे ६० टक्के प्रथिने भरतात. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या स्त्रिया ते गाळून, वाळवून त्याच्या वड्या करतात. मात्र त्या वड्यांचे कालवण होते आणि ते भरड धान्याच्या जोडीला खाल्ले जाते. नुसत्या शैवालावर कोणी जगत नाही.

आम्ही शासकीय सेवेत असताना ‘माणशी इतके ग्रॅम’ अशी पत्रके पुष्कळ केली. बेरीज बिनचूक जुळे. खाणाऱ्यास ते रुचते काय, असा रकाना मात्र त्यांत नसे. शैवालाचा हिशेबही आम्हांस तसाच वाटतो.

२०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सूक्ष्मशैवालांचे प्रयोग केले. त्याच प्रवासात त्यांनी गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरसही नेला होता. ते स्वेच्छेने गेले, आणि १५ जुलैला परतले. तेथेच जन्मणाऱ्या मुलाचे काय? हिरव्या लगद्याचे व्रत त्याने घेतलेले नाही.

कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनी तरी ग्वाल्हेर-इंदूरला येताना आपल्याला कोठे विचारले होते? खरे आहे, आणि आमची तक्रारही नाही. पण त्यांना शेजार लाभला. घरात पुरणपोळी राहिली, शेजारून दालबाटी आली. मुलांना रुचले ते टिकले, न रुचले ते मागे पडले. मंगळावर शेजारही नाही आणि बाजारही नाही. पृथ्वीवरच्या कचेरीत एकदा जे ठरेल, तेच त्या मुलाच्या ताटात पडेल.

सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे १९७२-७३ मध्ये तीन माणसे बंदिस्त वास्तूत १८० दिवस राहिली. तेथे शैवाल होते ते मुख्यतः हवा शुद्ध करण्यासाठी. खाण्यासाठी त्यांनी गहू आणि भाज्या पिकविल्या. गव्हाला जागा अधिक लागते, दिवे अधिक लागतात. तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, आणि तो परवडत नसेल तर तूर्त तेथे मुले जन्मास घालण्याचा बेत करू नये, असे आमचे मत आहे.