संकल्प आणि त्याचा आधार



रमजानमध्ये एक गोष्ट दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोर घडते. एरवी ज्याला तासभरही तंबाखूवाचून राहवत नाही, तो रोजेदार पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तिला स्पर्श करीत नाही. 'ईदनंतर कायमची सोडतो' अशी नियतही तो करतो. ती नियत खोटी नसते. तरीही शव्वालचा पहिला आठवडा सरण्याआधीच पुडी पुन्हा खिशात येते. असे का व्हावे?

'इच्छाशक्तीच दुबळी' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ज्याने महिनाभर रोज इतका संयम पाळला, त्याला दुबळे कसे म्हणावे? रमजानमध्ये त्याच्या संकल्पाला सहरी-इफ्तारची ठरलेली वेळ होती आणि साऱ्या घराची सोबत होती. ईदनंतर संकल्प उरला, आधार गेला.

कुरआनने मद्याची सवय कशी सोडवली ते पाहा. सूरह अल-बकरामध्ये मद्यातील लाभापेक्षा पाप मोठे असल्याचे सांगितले गेले. पुढे सूरह अन-निसामध्ये नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली आणि अखेर सूरह अल-माइदामध्ये संपूर्ण बंदी आली. यातील मधली पायरी विचार करण्याजोगी आहे. पाच नमाजांमुळे दिवसभरात पिण्याला निवांत वेळच उरला नाही. अखेरचा आदेश आला तेव्हा मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. तोवर मने तयार झाली होती आणि दिनक्रमही बदलला होता.

सत्कृत्याचा संकल्प करूनही ते घडले नाही, तरी एक पुण्य लिहिले जाते, असे हदीसमध्ये आहे. ही अल्लाहची कृपा आहे. ज्याची वाट अडली, त्याचे ते सांत्वन होय. ज्याने वाट धरलीच नाही, त्याने ते निमित्त करू नये.

मी स्वतः फजरनंतर चालायला जाण्याची नियत दोन वर्षे करीत होतो. एक वृद्ध नमाजी मशिदीच्या दारात माझ्यासाठी थांबू लागले, तेव्हा कुठे पाऊल उचलले गेले.

म्हणून वाचकहो, नियत करताना तिला एक वेळ द्या, एक सोबती द्या आणि आरंभ लहान ठेवा. थोडे पण नित्याचे कर्म अल्लाहला प्रिय आहे. घरात कोणाचा संकल्प मोडला, तर त्याला ढोंगी म्हणू नका. उद्या त्याच्यासाठी दारात थांबा.

अल्लाह आपल्या नियतांना अमलाची तौफीक देवो. आमीन.