कपांतला चहा आणि घरांतलें दारिद्र्य

वाचावें : नीतिसूत्रें १३:२३, २ शमुवेल २३:१३-१७



पावसाळ्यापूर्वीं नागपूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत आम्ही उपासनेसाठीं गेलों होतों. उपासना आटोपल्यावर तेथील उपदेशक आम्हांस घेऊन घरोघर भेटी द्यावयास निघाले. वाटेंत टपरीवर चारपांच मजूर चहा घेत बसले होते. उपदेशक हळूच म्हणाले, "पाहा साहेब, यांच्या दारिद्र्याचें मूळ हेंच. दिवसांतून चार वेळां चहा! मग घरांत पैसा टिकावा कसा?" आम्हीं मान हालविली. हें बोलणें आम्हीं आजवर अनेकदां ऐकलें आहे. आणि खरें सांगावयाचें तर व्यासपीठावरून स्वतः बोललोंही आहों.

पुढच्याच घरीं एक म्हातारी दोन नातवंडांस बशींत कोरा चहा ओतून देत होती. उपदेशकांनीं तिला हटकलें, "आजी, एवढ्याशा लेकरांना चहा कशाला देतां?" ती म्हणाली, "मास्तर, लेकरायले भूक लागली म्हून देतो. भाकर असती त भाकर नसती का देली?"

यावर आम्हां दोघांनाही उत्तर सुचलें नाहीं.

दारिद्र्याच्या कारणांविषयीं नीतिसूत्रांच्या पुस्तकांत एकच गोष्ट सांगितलेली नाहीं. आळशाला तें मुंगीकडे पाठवितें. मद्यप्याच्या व खादाडाच्या अंगावर अखेर चिंध्या येतात, असेंही बजावतें. ही शिकवण आम्हीं शंभर वेळां दिली असेल, आणि ती खोटी नाहीं. ज्या घरांत मजुरी दारूच्या दुकानांत जाते, त्या घरची बाई आम्हांस विचारावयास येत नाहीं. तिला कारण ठाऊक असतें. पण त्याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायांत दुसरीही एक गोष्ट आहे. गरिबाच्या नांगरलेल्या वावरांत अन्न पुष्कळ पिकतें, परंतु अन्याय तें वाहून नेतो, असा तिचा भावार्थ. येथें गरीब मनुष्य आळशी नाहीं. त्यानें नांगरलें आहे, पीक आलें आहे, आणि तरीही घर रिकामें आहे. या वचनावर आमच्या मंडळ्यांत किती उपदेश झाले, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें.

आतां आधी उपदेशकांच्या आरोपाचा हिशेब करूं, कारण तो अगदींच उडवून देण्यासारखा नाहीं. टपरीचा चहा दहा रुपये धरा. चार कपांचे चाळीस झाले, महिन्याचे बाराशें. मजुराच्या घरीं ही रक्कम लहान नव्हे, आणि जो ती वांचवील त्याचें आम्ही कौतुकच करूं. परंतु वर्षभर चहा सोडून जे चौदा हजार साठतील, ते एका आजारपणांत किंवा एका नापिकींत एका दिवसांत जातात. शिवाय कापसाची वेचणी संपल्यावर उन्हाळ्यांत जीं कामें मिळत नाहींत, त्या रिकाम्या दिवसांची मजुरी कोणत्या कपांत बुडाली? २००६ सालीं सरकारनें विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर केली, ती चहाच्या उधारीसाठीं खास नव्हती. आपल्या या नागपूर प्रांतांत १९५१ पर्यंत मालगुजारी होती. कूळ राबे, आणि पिकाचा मोठा वांटा खंडांत, व्याजांत व बेगारींत जाई. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें "शेतकऱ्याचा असूड" लिहिला तो याच प्रश्नावर, कीं राबणारा उपाशी कां? त्या काळीं खेड्यांतील शेतकऱ्याच्या घरीं चहाची पत्ती नव्हती. दारिद्र्य मात्र होतें.

मग ही पत्ती त्याच्या घरीं आली कोठून? हा इतिहास वाचकांनीं जरूर जाणावा.

चहा मूळचा चीन देशचा. सतराव्या शतकांत तो युरोपांत गेला, आणि पुढील शंभर वर्षांत इंग्रजांस त्याची इतकी गोडी लागली कीं चिनांस द्यावयास चांदी पुरेना. तेव्हां बिहार व माळवा येथील अफू चिनांत विकून त्या पैशानें चहा घ्यावयाचा, असा व्यापार सुरू झाला. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून जात असे. चिनी सरकारनें अफू अडविली म्हणून १८३९ ते १८४२ युद्ध झालें. एका राष्ट्राच्या पेल्यासाठीं दुसऱ्या राष्ट्राला विष पाजलें गेलें, ही गोष्ट इंग्लंडांतील अनेक ख्रिस्ती माणसांनाही लाजिरवाणी वाटली. पण व्यापार थांबला नाहीं.

इकडे आसामांत चहाचें झाड रानांत उगवतें, आणि तेथील सिंगफो लोक त्याचा पाला वापरतात, हें १८२३ मध्यें रॉबर्ट ब्रूस नांवाच्या गृहस्थास कळलें. १८३९ मध्यें आसाम कंपनी स्थापन झाली. बागा झाल्या, पण त्यांत राबावयास माणसें पुरेनात. तीं आणलीं छोटा नागपुरांतून, संताळ परगण्यांतून, आणि आपल्या जुन्या मध्यप्रांतांतूनही. दुष्काळ पडला कीं अरकाटी गांवांत येई, आगाऊ पैसे हातावर ठेवी, अंगठा घेई. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत सुमारे ८५ हजार मजूर आसामांत नेले गेले. त्यांपैकीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसें मेलीं किंवा परागंदा झालीं. १८६५ च्या कायद्यानें पुरुषास महिना पांच रुपये, बाईस चार, मुलास तीन असें वेतन ठरलें. आणि पळून जाणाऱ्या मजुरास वॉरंटावांचून धरण्याचा अधिकार मळेवाल्यास मिळाला. तो अधिकार १९०८ पर्यंत राहिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं आपला प्रांत होरपळला. १९०१ च्या शिरगणतींत मध्यप्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी भरली. कित्येक मेले, कित्येक देशोधडीला लागले. ज्या आगगाडीच्या नांवांत आपलें नागपूर होतें, त्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या वाटेवरचींच हीं पुष्कळ गांवें.

असा हा चहा आधी परदेशीं जाण्यासाठींच पिकत असे. पुढें तेथील बाजार भरला, तेव्हां मळेवाल्यांची दृष्टि घरच्या गिऱ्हाइकांकडे वळली. १९०३ मध्यें त्यांच्याच मागणीवरून चहावर एक पट्टी बसविण्यांत आली, आणि तिच्या पैशांतून चहाची जाहिरात होऊं लागली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्यांत, खाणींत व कारखान्यांत चहाचीं दुकानें मांडलीं गेलीं. स्टेशनांवर किटल्या फिरूं लागल्या. १९३० नंतर मंदी आली, तसा हा प्रचार अधिकच वाढला. फुकट कप वांटले गेले. त्याच सुमारास आसामांत पानें चिरडून दाणेदार चहा करणारें यंत्र निघालें. पुढें त्याचा प्रसार झाल्यावर थोड्या पत्तींत पुष्कळ कप होऊं लागले, आणि चहा गरिबाच्या चुलीपर्यंत पोंचला. सेवाग्रामवासी महात्मा गांधींनीं आपल्या आरोग्यविषयक लेखनांत चहाचा निषेध केला. पण गिरणीच्या भोंग्यापुढें तो कोणास ऐकूं जाणार? रात्रपाळीच्या मजुराला जागें ठेवणारें आणि भूक मारणारें इतकें स्वस्त साधन दुसरें नव्हतें. त्यांत घातलेली साखर हेंच कित्येकांचें न्याहारीचें अन्न झालें. तें आजही आहे.

म्हणजे पाहा, दुष्काळानें माणसें मळ्यावर नेलीं. त्यांनीं पानें खुडलीं. त्यांचाच दाणा पुढें त्यांच्यासारख्याच गरिबांच्या भाकरीच्या जागीं येऊन बसला. आणि आम्ही उपदेश केला कीं हे लोक चहा पितात म्हणून गरीब आहेत!

दावीदाची कथा आठवा. तो गुहेंत लपला असतां बेथलेहेमाच्या वेशीजवळील विहिरीचें पाणी मिळावें, असें सहज बोलून गेला. त्याचे तीन वीर पलिष्ट्यांचें ठाणें भेदून गेले आणि पाणी घेऊन आले. दावीदानें तें ओठांला लावलें नाहीं. आपल्या माणसांच्या जिवाची किंमत त्याला त्या पाण्यांत दिसली, म्हणून त्यानें तें परमेश्वरापुढें ओतलें. आम्ही कोणास चहा ओतून द्या म्हणत नाहीं. हें लिहितांना आमच्याजवळही एक कप आहेच. परंतु दावीदाला जें दिसलें तें आम्हांस दिसत नाहीं, ही खरी खंत. त्यानें पाणी आणणाऱ्यांकडे पाहिलें. आम्ही पिणाऱ्याच्या खिशाकडे पाहतों.

कपाविषयीं आणखी एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनांत एका सभेनंतर पाहुण्यांपुढें चहा ठेवला गेला. त्यांत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हे होते. नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, मोठें ग्रामण्य माजलें, आणि १८९२ मध्यें रानड्यांसही प्रायश्चित्त घ्यावें लागलें. ही कथा सांगतांना आमचे लोक मोठ्या कौतुकानें हंसतात. हंसावें, पण खेड्यांतल्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली ती वेगळी कपबशीही आठवावी. आमच्या कित्येकांच्या आज्यापणज्यांनीं तीत चहा घेतला, आणि स्वतःच विसळून ती परत टांगली. अस्पृश्यता पाळणें हा १९५५ पासून गुन्हा आहे. तरी ज्याला वेगळ्या कपांतून प्यावें लागे, त्याला कामही वेगळें, वस्तीही वेगळी आणि मजुरीही कमी मिळे. त्या कमीपणाची बाकी अजून फिटलेली नाहीं. आणि आमच्या मंडळ्यांचें काय? पाळकांना व पाहुण्यांना चिनीमातीचा कप, बाकीच्यांना हातांत चटके देणारा कागदी पेला, हें आम्हीं एका नाताळांत डोळ्यांनीं पाहिलें. आमच्या हातांत चिनीमातीचा होता, आणि आम्हीं तो निमूटपणें घेतला.

पावसाळ्यानंतर आम्ही त्याच खेड्यांत पुन्हां गेलों. उपदेशकांनीं एक वही दाखविली. घरोघर जाऊन त्यांनीं विचारलें होतें कीं कामाचे दिवस किती, मजुरी ठरली किती व हातीं आली किती, कर्ज कोणाचें, व्याज काय, शिधा मिळतो कीं नाहीं. चहाचा उल्लेख वहींत एकदांच होता, म्हातारीच्या पानावर. त्याच्याखालीं लिहिलें होतें कीं कष्टानें बोटांचे ठसे झिजल्यामुळें यंत्र तिला ओळखत नाहीं, आणि म्हणून चार महिने तिला धान्य मिळालेलें नाहीं. कायद्यानें माणशीं पांच किलो तिच्या हक्काचें आहे, हें उपदेशकांनीं शाईनें अधोरेखित केलें होतें.

सोमवारीं ते तिला घेऊन तहसील कचेरींत जाणार होते. निघण्यापूर्वीं तिनें आम्हां दोघांस चहा दिला, आणि तो आम्हीं नातवंडांच्या शेजारीं बसून घेतला.